मोजलेले ११२, टाकलेले २६०

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका बाबांचा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीमचा स्टार्टिंग पिचर (म्हणजे सामना सुरू करणारा बोलर), शिवाय शनिवार-रविवार शाळेबाहेरच्या ट्रॅव्हल टीममध्ये. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं आणि दोन दिवसांत थांबतं. गेल्या वर्षी त्याने ४८ इनिंग टाकल्या. यंदा शाळा, उन्हाळा आणि फॉल लीग धरून १२० होतील. दोन्ही कोच म्हणतात, पिच काउंट (टाकलेल्या बॉलची मोजणी) नियमात आहे, काळजी नको. सोबत बाबांनी गेल्या आठवड्याचं टाचणही पाठवलंय, आणि खाली लिहिलंय: "ताई, आम्ही आझाद मैदानावर दिवसभर बोलिंग टाकायचो, कोणी मोजत नव्हतं. इथे स्ट्रासबर्ग नावाच्या मोठ्या पिचरला मोजूनमापून वापरला तरी तो मोडलाच, आणि त्याच्या आधीच्या काळातला नोलन रायन न मोजता २७ सीझन खेळला. मग हे मोजण्याचं खूळ कशाला? आणि मोजायचंच तर किती?"

मला यात सगळ्यात जास्त खटकलं ते 'दोन दिवसांत थांबतं'. पंधरा वर्षांच्या पिचरचा दंड दुखला, खांद्याची मागची बाजू जड झाली, तर मी गरम पाण्याने अंघोळ कर आणि झोप म्हणते. पण कोपराच्या आतल्या बाजूला जे हाडाचं टोक हाताला लागतं, त्याच्यावर दुखत असेल तर मी बॉल काढून घेते. थांबलं असलं तरीही. त्या टोकाला हाताचं मनगट वाकवणारे सगळे स्नायू आणि कोपराचं आतलं लिगामेंट बांधलेलं असतं. मोठ्या माणसात ताण वाढला की लिगामेंट झिजतं, फाटतं. मुलांमध्ये मात्र ते टोक अजून बाकीच्या हाडाशी पूर्ण जुळलेलं नसतं, मध्ये कूर्चेची वाढती पट्टी असते, आणि ओढाताणीत लिगामेंटपेक्षा ती पट्टीच कच्ची ठरते. मुलग्यांमध्ये ती साधारण १५ ते १७ या वयात जुळून येते. म्हणजे तुमचा मुलगा बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. उंचीने तो तुमच्या वर गेला असेल, मिशी फुटली असेल, फास्टबॉलही ताशी ऐंशी मैलांच्या घरात गेला असेल. त्या पट्टीला यातलं काही कळत नाही.

आता भार किती असतो ते बघा. पिचर बॉल सोडतो त्या क्षणी खांदा आतल्या बाजूला सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास वेगाने फिरतो. तो वेग सेकंदभर टिकला तर हात जवळपास वीस फेरे मारेल. त्याच्या किंचित आधी, हात मागे ताणलेला असताना, मोठ्या पिचरच्या कोपरावर ६४ न्यूटन-मीटरच्या आसपास पिळा पडतो. प्रयोगशाळेत नुसतं ते लिगामेंट ताणून पाहिलं तर ते साधारण ३२ ते ३५ वर तुटतं. मग प्रत्येक बॉलला ते का तुटत नाही? बाजूचे स्नायू निम्मा भार उचलतात म्हणून. आणि स्नायू दमतात, लिगामेंट दमत नाही, ते फक्त झिजतं. मोजणं, विश्रांती, इनिंगची मर्यादा हा जो काही खटाटोप आहे तो या एका गोष्टीसाठी: दमलेल्या स्नायूंनी आपला वाटा उचलणं सोडलं की सगळा भार लिगामेंटवर किंवा वाढत्या पट्टीवर जातो.

आझाद मैदानाबद्दल. माझा मोठा भाऊ शिवाजी पार्कला नेट्समध्ये तासन् तास फास्ट टाकायचा, त्यामुळे तुमचा मुद्दा मी घरचाच समजते. पण क्रिकेटचा बोलर कोपर सरळ ठेवून हात फिरवतो. त्याचा भार पुढच्या पायावरून कमरेत, कण्याच्या खालच्या मणक्यांत जातो. म्हणून वाढत्या वयातल्या फास्ट बोलरना कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. बेसबॉलचा पिचर कोपर वाकवून आसूड ओढल्यासारखा फेकतो आणि आसुडाच्या गाठी म्हणजे कोपर आणि खांदा. जागा वेगळी, हिशेब तोच. बुमराहमुळे 'वर्कलोड' हा शब्द आता आपल्या घराघरांत पोचलाय. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचांपैकी तीनच कसोटी खेळला, तेव्हा व्हॉट्सअपवर किती जणांनी 'आमच्या वेळी' सुरू केलं ते आठवतं मला. त्या वेळी कोणी मोजत नव्हतं हे खरं. कमर धरून मैदानावर यायचे बंद झाले त्यांनाही कोणी मोजलं नाही. माझा भाऊ एकोणिसाव्या वर्षी विकेटकीपर झाला, तो हौसेने नाही.

आता तुमच्या टाचणाकडे येते, कारण खरं उत्तर त्यातच आहे. सोमवारी शाळेचा सामना, सहा इनिंग, ७८ पिच. गुरुवारी ट्रॅव्हल कोचबरोबर बुलपेन (मैदानाबाजूला पिचिंगचा सराव), ४०. शनिवारी पिचिंग नाही, 'फक्त कॅचिंग (बेसबॉलचं विकेटकीपिंग), चार इनिंग'. रविवारी शेवटच्या दोन इनिंग, ३४ पिच.

१५-१६ वयासाठी मेजर लीग बेसबॉल (इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४मध्ये 'पिच स्मार्ट' नावाने जी मर्यादा घालून दिली ती दिवसाला ९५ पिचची आहे. ७६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. सोमवारी ७८, मग मंगळ-बुध-गुरू-शुक्र सुट्टी, रविवारी ३४. एकही नियम मोडलेला नाही. कोच खोटं बोलत नाहीयेत. शाळेच्या वहीत ७८, ट्रॅव्हलच्या वहीत ३४, बेरीज ११२.

आता मी तुमच्याशी बोलून मिळालेले आकडे भरते. सोमवारी सामन्याआधी बुलपेनमध्ये ३५ टाकले. प्रत्येक इनिंगच्या सुरुवातीला माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) सहा-सहा, सहा इनिंगचे ३६. म्हणजे सोमवारचे ७८ नव्हेत, १४९. गुरुवारचे ४०, जे कुठल्याच वहीत नाहीत. रविवारी तयारीचे २५, दोन इनिंगआधीचे १२ आणि ३४, एकूण ७१. बेरीज २६०. शनिवारी कॅचर म्हणून प्रत्येक पिचनंतर बॉल परत फेकला ते यात धरलेले नाहीत, आणि दुसऱ्या बेसवर गुडघ्यावरून मारलेले दोन थ्रो तर मुळीच नाहीत, जे कोपराच्या दृष्टीने कुठल्याही फास्टबॉलइतकेच महाग. पिच स्मार्टमध्ये पिचरने कॅचर होऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. हौशी टीममध्ये मात्र ज्याचा हात चांगला त्यालाच दोन्हीकडे जुंपतात.

हे तुमच्याच घरी घडतंय असं नाही. फ्लोरिडात हायस्कूल पिचरांचा अभ्यास झाला, २०१८मध्ये छापून आला: ३४ शाळा, स्टार्टिंग पिचर ११५ वेळा उतरले, सामन्याच्या दिवशी टाकलेला प्रत्येक बॉल मोजला. वहीत सरासरी ६९ पिच, प्रत्यक्षात जवळपास १२०. म्हणजे शंभरातले ४२ बॉल कोणाच्याच हिशेबात नव्हते. वॉर्म-अपचा बॉल सामन्यातल्या बॉलइतक्या जोराने टाकला जात नाही, हे मान्य. पण बुलपेनमधले शेवटचे दहा-बारा, मागे ट्रॅव्हल कोच रडार गन घेऊन उभा असताना, तुमचा मुलगा 'जरा हळू' टाकतो असं तुम्हाला वाटतं का?

म्हणून मी पालकांना पहिल्या भेटीत 'किती' याचं उत्तर देत नाही. एक वही करा म्हणते. एकच, आणि ती घरात राहणार. शाळेचा कोच शनिवारी त्याच्या घरी असतो, ट्रॅव्हलचा कोच सोमवारी त्याच्या नोकरीवर. २०१७पासून हायस्कूल महासंघाने प्रत्येक राज्याला पिच काउंटची मर्यादा ठरवायला लावली, चांगलंच झालं, पण ती शाळेच्या सामन्यापुरती. लिटल लीगने २००७मध्ये इनिंग मोजायचं सोडून पिच मोजायला घेतले, ते त्यांच्या सामन्यांपुरतं. हात एक आणि चित्रगुप्त तीन, असा प्रकार आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने किराणाच्या हिशेबाच्या वहीत डाव्या पानावर दूध-भाजी आणि उजव्या पानावर मुलाचे बॉल लिहायला सुरुवात केली: तारीख, सामना की बुलपेन, मोजलेले, न मोजलेले, आणि शेवटच्या रकान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा होता, ० ते १०. तो शेवटचा रकाना मी तिला सांगितला नव्हता, तिचाच. आता मी सगळ्यांना तोच सांगते. तीन आठवड्यांत त्या बाईंना कळलं की मुलाचा हात सामन्यानंतर दुखत नाही, सामन्यानंतर दोन दिवसांनी केलेल्या लांब पल्ल्याच्या 'लॉंग टॉस'नंतर दुखतो. हे दोनपैकी एकाही कोचला माहीत असणं शक्य नव्हतं.

स्ट्रासबर्गकडे वळू, कारण तो दाखला मला प्रत्येक वर्षी कोणीतरी देतंच. स्टीव्हन स्ट्रासबर्ग २००९मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, जून २०१०मध्ये पहिल्याच सामन्यात १४ बळी (स्ट्राइक-आउट, म्हणजे बॉल टोलवताच न आल्याने बाद) घेतले, आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. (१९७४मध्ये डॉक्टर फ्रॅंक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली: दुसऱ्या मनगटाजवळचा कंडरा काढून कोपरात लिगामेंट म्हणून बसवायचा. जॉन परत आला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला.) परतल्यावर २०१२मध्ये वॉशिंग्टनच्या व्यवस्थापनाने आधीच जाहीर केलं होतं की याला ठरावीक इनिंगनंतर थांबवणार. १५९⅓ इनिंगवर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात थांबवला. टीमने ९८ सामने जिंकले होते; ऑक्टोबरमध्ये सेंट लुईसविरुद्ध शेवटच्या सामन्यात ६-० पुढे असताना हरली. अख्ख्या देशाने शिव्या घातल्या.

पण त्यानंतर तो सात वर्षं टाकत राहिला आणि २०१९च्या वर्ल्ड सीरिजमध्ये (मेजर लीगच्या अंतिम फेरीत) सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग २४.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर फक्त आठ सामने. शेवटी घात केला तो कोपराने नव्हे, मानेखालच्या नसा दाबल्या जाण्याच्या विकाराने. थांबवलं नसतं तर काय झालं असतं हे सिद्ध करता येत नाही, थांबवल्यामुळे टिकला हेही नाही. मला विचाराल तर चूक मर्यादेत नव्हती, खर्चाच्या नियोजनात होती. महिन्याचा पगार वीस तारखेला संपवल्यासारखं झालं. एप्रिलपासून दर पाचव्या दिवशी त्याला सरळ वापरला आणि ऑक्टोबरसाठी काहीच शिल्लक ठेवलं नाही. सीझन उशिरा सुरू करता आला असता, जूनमध्ये दोन फेऱ्या गाळता आल्या असत्या. २०१५मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या मॅट हार्वीबाबत उलटं झालं: शस्त्रक्रियेनंतरचं पहिलंच वर्ष, १८० इनिंगवरून त्याचा एजंट आणि टीम यांच्यात जाहीर वाद, आणि शेवटी प्लेऑफ धरून २१६ इनिंग. पुढच्याच वर्षी त्याच्यावरही त्याच नसांच्या विकाराची शस्त्रक्रिया, आणि मग तो पूर्वीसारखा कधीच दिसला नाही.

शिकागोच्या कब्ज टीमने मात्र दोन पिचर असे घालवले की त्यावर फारसा वाद नाही. केरी वुडने मे १९९८मध्ये, विसाव्या वर्षी, एका सामन्यात २० बळी घेतले, १२२ पिच टाकून. पुढचा सगळा सीझन शस्त्रक्रियेत गेला. मार्क प्रायर २००३मध्ये बावीस वर्षांचा. २११⅓ इनिंग, १८ विजय, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पुन्हा सव्वाशेच्या वर पिच. २००६च्या ऑगस्टनंतर तो मेजर लीगमध्ये एकही बॉल टाकू शकला नाही. आज तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचिंग कोच आहे.

आणि नोलन रायन. जून १९७४मध्ये त्याने एकाच सामन्यात १३ इनिंगमध्ये २३५ पिच टाकले, आणि ४६व्या वर्षापर्यंत टाकत राहिला. पण सप्टेंबर १९९३मध्ये कारकिर्दीतला शेवटचा सामना त्याला अर्धवट सोडावा लागला तो कोपराचं लिगामेंट फाटल्यामुळे. म्हणजे त्याचंही गेलं, फक्त २७ सीझननंतर. त्याच्या काळी त्याच्याइतकेच टाकून पंचविशीत घरी बसलेले किती होते ते कोणी पोस्टरवर छापत नाही. पुरात वाहून न गेलेल्या एका घराकडे बोट दाखवून नदीकाठी बांधकाम करायचं, तसलं हे.

मग इनिंग किती. एका वर्षात किती वाढ चालते याबद्दल टॉम व्हर्डुची या क्रीडा पत्रकाराने पिचिंग कोच रिक पीटरसनच्या अनुभवावरून एक ठोकताळा मांडला होता: २५ किंवा कमी वयाच्या पिचरला आदल्या वर्षापेक्षा ३० इनिंगहून जास्त टाकायला लावू नये. पुढे ज्यांनी आकडेवारी तपासली त्यांना त्या तीसमध्ये भाकीत करण्याची ताकद सापडली नाही. मीही त्याला पोथी मानत नाही. पण टीम अजूनही पायऱ्या-पायऱ्यांनीच चढवतात. पॉल स्कीन्सचं बघा. २०२३मध्ये कॉलेजचे १२२⅔ आणि मायनर लीगचे (मेजर लीगच्या खालच्या पायरीचे) ६⅔, एकूण १२९⅓. २०२४मध्ये वसंतात मायनर लीगमध्ये सात सामन्यांत मिळून फक्त २७⅓, मग मेजर लीगमध्ये १३३, एकूण १६०⅓. २०२५मध्ये १८७⅔ आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. आधी एकतीसची, मग सत्तावीसची पायरी. मधल्या वर्षी जुलैमध्ये मिलवॉकीत सात इनिंग एकही हिट (बॅट्समनला बेसवर पोचवणारा फटका) न देता ९९ पिच झाले होते, तरी त्याला काढला. घरी आम्ही टीव्हीवर बघत होतो. माझा मुलगा ओरडला, मी टाळी वाजवली.

तुमच्या मुलाचं ४८वरून १२० होणार आहे. याला ठोकताळा लागत नाही, अडीचपट दिसायला डोळे पुरतात. आणि १०० ही रेषा मी हवेतून काढत नाही. अलाबामातल्या एएसएमआय या संस्थेने ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचरना दहा वर्षं धरून ठेवलं. कुठल्याही एका वर्षात १००पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या साडेतीनपट निघालं. पिच स्मार्टही त्याच्या वयाला बारा महिन्यांत १०० हीच कमाल मर्यादा देतं. कमाल, लक्ष्य नव्हे. ४८वाल्याला मी यंदा ७५-८०च्या वर नेणार नाही. तेवढ्यात बसवायचं तर फॉल लीग गेली, एवढं आताच गृहीत धरा. ती तशीही जायलाच हवी: वर्षात किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग डोक्यावरून हात नेऊन काहीही फेकणं बंद. अमेरिकन फुटबॉलही नाही, बर्फाचे गोळेही नाहीत. (पोहू दे, बास्केटबॉल खेळू दे, गावी जाऊन आंबे खाऊ दे. दगड मारून पाडू नको म्हणावं.)

इनिंग आणि पिच यांपेक्षाही मोठा आकडा मात्र वेगळाच आहे आणि तो कुठल्याही मशीनवर दिसत नाही. २००६मध्ये त्याच संस्थेने शस्त्रक्रिया झालेल्या ९५ तरुण पिचरची तुलना न दुखावलेल्या ४५ जणांशी केली. वर्षातून आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांचा धोका पाचपट, सामन्यात ८०हून जास्त पिच टाकणाऱ्यांचा चौपट. आणि हात दमलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांचा ३६पट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

ते दमणं कसं दिसतं ते सांगते, कारण कोच स्कोअर बघत असतो, तुम्ही मुलाला बघू शकता. मागच्या मे महिन्यात एका मैदानावर कुंपणाला टेकून उभी होते, माझा पेशंट नसलेला एक मुलगा टाकत होता, असेल सोळाचा. चौथ्या इनिंगपर्यंत सुरेख. पाचवीत त्याचे फास्टबॉल एकाएकी वर जायला लागले, कॅचरचा ग्लोव्ह दर वेळी छातीच्या वर. मग दोन बॉलमधला वेळ वाढला; माउंडच्या मागे जाऊन बुटाची नाडी बांधणं, टोपी काढून घाम पुसणं, पुन्हा नाडी. मग कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली आलं. आणि मग ती गोष्ट, जी मी कधीच दुर्लक्षू शकत नाही: बॉल सोडल्यावर हात खाली झटकून पंजा दोनदा उघडला-मिटला, आणि पटकन बेंचकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. पिच काउंट होता ६१. त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी. मी त्याच्या कोचला ओळखत नव्हते, बोलले नाही. अजून वाटतं, बोलायला हवं होतं.

तुमच्या मुलाला विचारून उत्तर मिळेल या भरवशावर राहू नका. 'हात कसा आहे?' या प्रश्नाला पंधरा वर्षांच्या पिचरकडे एकच उत्तर असतं: 'गुड.' मी विचारते, 'काल रात्री कुठल्या कुशीवर झोपलास? सकाळी दात कुठल्या हाताने घासलेस?' तिथे खरं बाहेर येतं. आणि सामन्याआधी आयबुप्रोफेन घेत असेल तर त्याच दिवशी कळू द्या. त्या २००६च्या अभ्यासात दुखावलेल्या गटात गोळी घेऊन खेळणारे जास्त होते. गोळी स्नायूंचा थकवा काढत नाही, तक्रार तेवढी बंद करते.

वेगाबद्दल थोडं, कारण ट्रॅव्हल टीमचा सगळा धंदा त्यावर चालतो. मेजर लीगने डिसेंबर २०२४मध्ये पिचरच्या दुखापतींवर ६२ पानी अहवाल काढला. त्यात बोट ठेवलंय ते प्रत्येक बॉल पूर्ण जोराने टाकण्याच्या सवयीवर; सरासरी फास्टबॉल २००८मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४मध्ये ९४.२. आणि हे लोण शाळेपर्यंत आलंय असं त्यात स्वच्छ म्हटलंय. पूर्वीचा पिचर सामान्य बॅट्समनला थोडा हात राखून टाकायचा. आता राखायला कोणी शिकवतच नाही. शोकेसला (निवड करणाऱ्यांपुढे हात दाखवायच्या मेळाव्यात) तर मुळीच नाही, तिथे दहा बॉल टाकायचे आणि एक आकडा घेऊन घरी जायचं. जानेवारीच्या थंडीत, दोन महिने हात बंद असताना, अचानक शोकेसला नेऊन पूर्ण जोर लावायला लावणं हा मला माहीत असलेला कोपर घालवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. स्वस्त म्हणजे तेही नाही, नोंदणीचे पैसे घेतात. जड बॉलच्या ट्रेनिंगचंही तेच: १३ ते १८ वयाच्या मुलांवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला, वेग तीन टक्क्यांच्या आसपास वाढला आणि जड बॉल टाकणाऱ्यांतले २४ टक्के दुखावले, साधा सराव करणाऱ्यांतला कोणीही नाही. कर्व्हबॉलला मात्र उगाच शिव्या बसतात. तो वाईटच असं संशोधनातून ठाम निघालेलं नाही. पंधराव्या वर्षी नीट शिकला तर हरकत नाही. चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा हळू बॉल) आधी शिकला तर उत्तम.

तुमचा मुलगा तुम्हाला डॉजर्सच्या जपानी पिचर यामामोटोचं उदाहरण देईल, तयार राहा. २०२५च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सहाव्या सामन्यात ९६ पिच आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात ३४. दिलं उदाहरण तर म्हणा, तो तेव्हा २७ वर्षांचा होता, सीझनचा शेवटचा दिवस होता, आणि जपानमध्ये तो वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदाच टाकत मोठा झाला. आणि मग त्याला त्याच टीममधल्या रोकी सासाकीची गोष्ट सांगा. २०१९मध्ये ओफुनातो शाळेत असताना त्याने ताशी १६३ किलोमीटर वेगाने बॉल टाकला होता, शाळा इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात पोचली; जिंकली असती तर कोशिएन, म्हणजे शाळांची राष्ट्रीय स्पर्धा, जपानी पोरांची पंढरी. कोचने त्याला त्या दिवशी मैदानात उतरवलंच नाही, आधीच्या सामन्यांत हात खूप वापरला गेलाय म्हणून. २-१२ने हरले. शाळेचे फोन तक्रारींनी वाजत राहिले. त्याच कोशिएनवर १९९८मध्ये मात्सुझाका या शाळकरी पिचरने १७ इनिंगमध्ये २५० पिच टाकले होते आणि देश त्याच्या प्रेमात पडला होता. २०२०पासून तिथे आठवड्याला ५०० पिचची मर्यादा आहे. सासाकीने २०२२मध्ये विसाव्या वर्षी परफेक्ट गेम टाकला (एकही बॅट्समन बेसवर पोचू न देता पूर्ण सामना), १९ बळी, आणि पुढच्याच सामन्यात आठ परफेक्ट इनिंगनंतर १०२ पिचवर त्याच्या व्यवस्थापकाने त्याला पुन्हा खाली बसवला. खांद्याने त्याला २०२५मध्ये त्रास दिलाच. हे सगळं करूनही हमी मिळत नाही. नशिबाचा भाग आपण कमी करू शकतो, काढून टाकू शकत नाही.

आता या आठवड्याचं. बॉल आजपासून बंद, डॉक्टरांना दाखवेपर्यंत. घरामागच्या अंगणातही नाही. मुलांच्या खेळांतल्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे जा, आणि एक्स-रे दोन्ही कोपरांचा काढायला सांगा, म्हणजे वाढती पट्टी उजवीकडे डावीपेक्षा रुंदावली आहे का ते शेजारी ठेवून दिसेल. अनेक ठिकाणी एकाच हाताचा काढतात आणि 'नॉर्मल आहे' सांगून पाठवतात. पट्टीचंच दुखणं निघालं तर बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे फेकणं पूर्ण बंद, मग ४५ फुटांवरून हळू सुरुवात, ६०, ९०, १२०, प्रत्येक अंतरावर न दुखता दोनदा पार पडल्यावरच पुढे, आणि माउंड सगळ्यात शेवटी. घाई केली नाही तर ही मुलं पूर्ण बरी होतात.

दोन्ही कोचना एकच ईमेल पाठवा, दोघांची नावं एकाच ओळीत. त्यात भांडण नको, टाचण जोडा, शेजारी २६०ची बेरीज लिहा. शाळेच्या कोचला गुरुवारचं बुलपेन माहीतही नसेल. परत आल्यावर सीझनमध्ये तो एकाच टीमसाठी पिचिंग करणार, दुसरीकडे पहिल्या बेसवर उभा राहणार, कॅचिंग कुठेच नाही, हेही त्यातच लिहा. ट्रॅव्हल टीमने जागा जाईल म्हटलं तर जाऊ द्या. पंधराव्या वर्षी गेलेली जागा सोळाव्या वर्षी मिळते, असं मी दर मोसमात बघते.

शनिवारी मात्र त्याला घरी डांबून ठेवू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं आणि बॅट फिरवताना दुखलं नाही तर तो डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळू शकतो, फेकायची वेळच येत नाही. आणि बेंचवर बसेल तेव्हा बॉल मोजायचा क्लिकर त्याच्याच हातात द्या: दुसऱ्या पिचरचे बॉल मोजू दे, वॉर्म-अपसकट.